पुढच्या चाकांच्या हौशी रॅली कारमध्ये लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल कसा जुळवावा

ऐरोलीच्या एका तरुण स्पर्धकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दीड लिटर पेट्रोल इंजिनाची, पुढच्या चाकांवर चालणारी जुनी सेडान आहे आणि ती त्यांनी ऑटोक्रॉस व हौशी गटातील रॅली स्प्रिंटसाठी तयार केली आहे. मुरमावरच्या हेअरपिन वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते फिरत राहायचे, म्हणून त्यांनी प्लेट पद्धतीचा, वन-पॉइंट-फाइव्ह-वे प्रकारचा (ॲक्सिलरेटर दिल्यावर जास्त आणि सोडल्यावर कमी लॉक होणारा) वापरलेला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल विकत घेऊन बसवला. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच; लिमिटेड-स्लिप प्रकार या फरकाला आवर घालतो, आणि त्यालाच लॉक होणे म्हणतात. आता वळणातून बाहेर पडताना ओढ चांगली मिळते. पण वळणात शिरताना गाडी सरळच जाऊ पाहते, स्टीअरिंग हाताला झटके देते, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर उड्डाणपुलाखाली यू-टर्न घेताना पुढून कटकट असा आवाज येतो. विकणाऱ्याने प्रीलोड १२ किलोग्रॅम-मीटर आणि रॅम्प ४५ व ६० अंश असल्याचे सांगितले आहे. रॅम्प बदलावेत, की हा विकून गिअर पद्धतीचा, म्हणजे प्लेटांऐवजी गिअरांच्या घर्षणावर चालणारा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. (प्रीलोड आणि रॅम्प म्हणजे काय ते पुढे येईलच.)

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे काम करतो आणि हीच तक्रार घेऊन आलेल्या पुष्कळ गाड्या पाहिल्या आहेत. खरी अडचण तुमच्या प्रश्नात मांडली आहे त्यापेक्षा थोडी निराळी आहे. तुमचा डिफरन्शियल लॉक होतो आहे, त्यात काही उणे नाही. तो वेळेवर सुटत नाही, ही अडचण आहे. मागच्या चाकांच्या गाडीत स्टीअरिंगचे काम एका जोडीकडे आणि ओढण्याचे दुसऱ्या जोडीकडे असते. तुमच्या गाडीत दोन्ही कामे त्याच दोन चाकांकडे आहेत, त्यामुळे लॉक जितका उशिरा सुटेल तितकी गाडी वळायला नकार देईल. पुढच्या चाकांच्या गाडीचा डिफरन्शियल जुळवताना मी आधी वळणात शिरण्याचा विचार करतो आणि बाहेर पडण्याचा नंतर. गाडीचे वजन, टायर, तुमची चालवण्याची पद्धत आणि स्पर्धेचा पृष्ठभाग यांवर बरेच काही अवलंबून आहे, त्यामुळे खाली दिलेले आकडे सुरुवात करण्यापुरते समजावेत.

साध्या डिफरन्शियलचा नियम एवढाच की तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, आणि तो टॉर्क ज्या चाकाची पकड कमी त्याच्या मर्यादेइतकाच राहतो. समजा, हेअरपिनमधून बाहेर पडताना आतले चाक मुरमावर २५० न्यूटन-मीटर पेलू शकते आणि बाहेरच्या चाकावर भार आल्यामुळे ते ७०० पेलू शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही बाजूंना २५०, म्हणजे एकूण ५०० मिळतील आणि इंजिनाची बाकी ताकद आतले चाक फिरवण्यात जाईल. गिअर पद्धतीच्या डिफरन्शियलचे टॉर्क बायस प्रमाण २.५ असेल तर बाहेरच्या चाकाला २५० च्या अडीचपट, म्हणजे ६२५ मिळतील आणि एकूण ८७५ होतील. प्लेटच्या डिफरन्शियलमध्येही साधारण असेच घडते, फक्त तिथे हा फरक प्लेटांच्या घर्षणातून निर्माण होतो आणि तो किती असावा हे आपल्या हातात असते. मात्र हेच स्वातंत्र्य पुष्कळांना अडचणीत आणते.

प्लेटच्या युनिटमध्ये लॉक तीन गोष्टींनी ठरतो. पहिली प्रीलोड, म्हणजे इंजिनाची ताकद नसतानाही स्प्रिंगांमुळे प्लेटांवर कायम असलेला दाब. दुसरी रॅम्प, म्हणजे प्रेशर रिंगांमधील उतरत्या खाचा. इंजिनाचा टॉर्क आला की क्रॉस पिन या उतारांवर चढतात, रिंगा एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात आणि प्लेटा दाबल्या जातात. तिसरी गोष्ट म्हणजे घर्षण करणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. रॅम्पचा कोन मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत आकडा जितका लहान तितका लॉक जास्त. ४५ अंशांवर पिनचा जेवढा रेटा तेवढाच प्लेटांवर दाब येतो, ६० अंशांवर तो साधारण ०.५८ पट राहतो, ३० अंशांवर १.७३ पट होतो आणि ८० अंशांवर जेमतेम ०.१८ पट. काही उत्पादक कोन उलट दिशेने मोजतात, म्हणून आकड्यावर विसंबू नका. रिंग हातात घेऊन पाहा. खाचेची भिंत डिफरन्शियलच्या अक्षाला जवळजवळ समांतर असेल तर ती दाब निर्माण करणार नाही, आणि जितकी कललेली तितका दाब वाढेल. जोडीतील पहिला आकडा सहसा ॲक्सिलरेटर दाबल्यावरच्या बाजूचा आणि दुसरा ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या बाजूचा असतो; खाली पहिल्याला पुढचा रॅम्प आणि दुसऱ्याला मागचा रॅम्प म्हटले आहे.

प्रीलोडची गरज का पडते, तेही पाहू. आतले चाक हवेत उचलले गेले तर गिअर पद्धतीच्या डिफरन्शियलला शून्याचा अडीचपट, म्हणजे शून्यच पुढे देता येते. प्लेटच्या युनिटमध्ये ज्या रचनेत स्प्रिंगा रिंगांना आतून बाहेर ढकलतात, तिथे प्रीलोड आणि रॅम्पचा दाब यांची बेरीज होते. अशा युनिटमध्ये रॅम्पमुळे एकूण टॉर्कच्या निम्म्याइतका लॉक होत असेल आणि प्रीलोड ५० न्यूटन-मीटर असेल, तर एक चाक हवेत असतानाही दुसऱ्याला १०० मिळतात, कारण मिळालेला टॉर्कच रॅम्पला आणखी दाबतो. याउलट बशीसारख्या स्प्रिंगा प्लेटांच्या बाहेरच्या टोकाला बसवलेल्या असतील, तर रॅम्पचा दाब आधी प्रीलोडची बरोबरी करतो आणि त्यापुढे गेल्यावरच लॉक वाढतो. तुमचे युनिट उघडल्यावर स्प्रिंगा कुठे आहेत हे आधी पाहा, कारण प्रीलोड कमी केल्याचा परिणाम त्यावरून बदलतो.

१२ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ११८ न्यूटन-मीटर. हजार किलोग्रॅमच्या आसपास वजनाच्या आणि शंभरेक अश्वशक्तीच्या, पुढच्या चाकांच्या गाडीला मुरमावर मी साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटरपासून सुरुवात करतो, आणि चालक तयार असेल तर ६० ते ७० पर्यंत जातो. ११८ इतका जास्त प्रीलोड सहसा डांबरी ट्रॅकसाठी लावलेल्या युनिटमध्ये आढळतो. पकड मुबलक असते तिथे टायर त्यावर मात करून गाडीला वळवतात; मुरमावर टायरकडे तेवढी पकड नसते, म्हणून दोन्ही चाके एकाच वेगाने फिरण्याचा आग्रह धरतात आणि गाडी सरळ जाते. यू-टर्नमधला कटकट आवाजही बहुधा प्लेटा धरून अचानक सुटण्याचा आहे. पण एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला असेल तरी आवाज जवळजवळ असाच येतो, म्हणून बूट आणि जॉइंट आधी तपासून घ्या.

गिअरबॉक्स खाली उतरवण्यापूर्वी दोष प्रीलोडचा आहे की ॲक्सिलरेटर सोडल्यावरच्या रॅम्पचा, हे गाडी चालवूनच ओळखता येते, आणि यासाठी कसलेही उपकरण लागत नाही. मालकाची परवानगी असलेल्या मोकळ्या मैदानात एकच वळण निवडा, दोन शंकू लावून वळणाचा प्रवेश नक्की करा, आणि दुसऱ्या गिअरमध्ये एकाच बेताच्या वेगाने तेथे तीन प्रकारे शिरा. पहिल्या वेळी क्लच पूर्ण दाबून ठेवा. या स्थितीत इंजिनाचा टॉर्क डिफरन्शियलपर्यंत पोहोचत नाही, रॅम्प निष्क्रिय असतात, आणि जे काही जाणवते ते केवळ प्रीलोडमुळे असते. दुसऱ्या वेळी क्लच न दाबता ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा, म्हणजे इंजिनाच्या ब्रेकिंगमुळे मागचा रॅम्प कामाला लागेल. तिसऱ्या वेळी ॲक्सिलरेटर अगदी हलका धरून ठेवा. तिन्ही वेळा ब्रेक वापरू नका आणि प्रत्येक प्रकार निदान चार-पाच वेळा करा, कारण मुरमावर एका फेरीवरून काहीच सिद्ध होत नाही.

क्लच दाबलेला असतानाही गाडी सरळ जात असेल तर प्रीलोड जास्त आहे किंवा सस्पेन्शनमध्ये दोष आहे. क्लच दाबल्यावर ती छान वळते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर सरळ जाते, असे झाले तर मागचा रॅम्प जास्त लॉक करतो आहे. दोन्ही वेळा वळते, पण हलका ॲक्सिलरेटर दिला की बाहेर ढकलली जाते, असे असेल तर पुढचा रॅम्प बेताच्या टॉर्कवरच फार धरतो आहे. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा आहे, पण दुसरा दोष त्याखाली लपलेला असू शकतो आणि प्रीलोड उतरल्यावरच तो दिसेल. म्हणूनच प्रीलोड आणि रॅम्प एकाच वेळी बदलू नका, असा माझा आग्रह आहे.

याच टप्प्यावर गाडीच्या बाकी गोष्टी पाहून घ्या, कारण साधा डिफरन्शियल ज्या चुका झाकून ठेवतो त्या सगळ्या प्लेटचा डिफरन्शियल उघड्या पाडतो. पुढचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच झिजेचे असले पाहिजेत. हवा सारखी भरून दोघांचाही परिघ मेजरिंग टेपने मोजा. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी चालू देत नाही, कारण त्यामुळे सरळ रस्त्यावरही प्लेटा सतत घासत राहतात आणि गाडी एका बाजूला ओढते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि इंजिनाचे माउंट यांत थोडीही ढिलाई असेल तर ॲक्सिलरेटर देताच चाकाची दिशा बदलते आणि त्याचा झटका थेट हातात येतो. हौशी गाड्यांमध्ये हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे बाहेर आलेली अलॉय व्हील किंवा स्पेसर. चाक जितके बाहेर सरकते तितकी स्टीअरिंगच्या अक्षापासून टायरच्या मध्यापर्यंतची भुजा वाढते, आणि दोन्ही चाकांच्या टॉर्कमधील फरक त्या भुजेने गुणून स्टीअरिंगला जाणवतो. झटक्यांचा मोठा भाग याचाच असेल तर मूळ ऑफसेटची चाके लावूनच गाडी शांत होईल आणि डिफरन्शियलला हातही लावावा लागणार नाही.

आतले चाक मुळात का सुटत होते, हाही विचार करायला हवा. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारी सळई) जाड असेल किंवा शॉकॲब्सॉर्बरला खाली उतरायला पुरेशी जागा नसेल, तर वळणात आतल्या पुढच्या चाकावरचा भार नाहीसा होतो. मुरमासाठी मी पुढचा बार बारीक करतो किंवा काढूनच टाकतो, आणि मागची बाजू त्या मानाने ताठ ठेवतो. मग आतले मागचे चाक उचलले गेले तरी चालते, पुढचे दोन्ही टायर जमिनीवर राहतात. हे केल्यावर पुष्कळ गाड्यांना पूर्वीपेक्षा बराच कमी लॉक पुरतो.

आता युनिट उघडण्याविषयी. प्रथम गाडीवरच प्रीलोड मोजा आणि विकणाऱ्याने सांगितलेला आकडा विसरून जा, कारण प्लेटा झिजल्या की तो घटतो आणि कोणी मधल्या काळात शिम (जाडी जुळवण्यासाठी घातलेली पातळ चकती) बदलली असेल तर वाढलेलाही असतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक लावा, पुढचे एक चाक जॅकने उचलून गाडी घोडीवर टेका, दुसरे जमिनीवर राहू द्या. उचललेल्या चाकाच्या हब नटवर टॉर्क रेंच लावून सावकाश, एकसारखे ओढा आणि चाक हलायला लागते त्या क्षणाचा आकडा लिहून ठेवा. थंड ऑइलवर आणि गाडी चालवून आल्यावर हा आकडा वेगळा येतो, म्हणून दर वेळी एकाच स्थितीत मोजा आणि वहीत तापमानाची नोंद ठेवा.

युनिट टेबलावर आल्यावर उघडण्याआधी दोन्ही प्रेशर रिंगांवर आणि हाउसिंगवर खुणा करा. प्लेटा काढताना त्यांचा क्रम तारेत ओवून जपा. एक प्लेट बाहेरच्या कानांनी हाउसिंगमध्ये अडकते, पुढची आतल्या दात्यांनी साइड गिअरवर बसते, असा तो क्रम असतो. प्रत्येक प्लेट डिझेलने धुऊन उजेडात तिरकी धरा. पृष्ठभाग एकसारखा करडा आणि मंद दिसला तर ठीक. निळसर-जांभळे पट्टे दिसले तर ती तापली आहे, आणि तापलेली प्लेट सहसा वाकलेलीही असते. सपाट काचेवर ठेवून बोटाने कडेला दाबा, टकटक हलली तर ती बाजूला काढा. मायक्रोमीटरने प्रत्येकीची जाडी चार ठिकाणी मोजा. त्यानंतर हाउसिंगच्या ज्या खाचांत प्लेटांचे कान बसतात तिथे नखाने चाचपून पाहा. कानांनी तिथे पायऱ्या पाडल्या असतील तर प्लेटा सरकताना त्या पायऱ्यांत अडकतात, लॉक झालेला डिफरन्शियल सुटायला उशीर लावतो आणि बरोबर तुमच्यासारखी तक्रार निर्माण होते. वापरलेल्या युनिटमध्ये हा दोष सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. पायऱ्या हलक्या असतील तर बारीक ऑइलस्टोनने त्यांच्या कडा मोडता येतात. खोल असतील तर हाउसिंग बदलण्यावाचून उपाय नाही, आणि तसे असेल तर रॅम्पवर एक रुपयाही खर्च करू नका.

प्रीलोड उतरवण्यासाठी शिम किंवा एखादी पातळ प्लेट वापरतात. आपल्याकडे वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या भागांत सरफेस ग्राइंडिंग करणारी लहान वर्कशॉप आहेत आणि तिथे शिम हव्या त्या जाडीची करून मिळते. एका वेळी एक दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका, आणि दर वेळी युनिट बंद करून टेबलावरच प्रीलोड मोजा. शिमऐवजी प्लेटांचा क्रम बदलून, म्हणजे दोन सारख्या प्लेटा शेजारी ठेवून, घर्षणाचे पृष्ठभागही कमी करता येतात. मात्र त्याने प्रीलोड आणि रॅम्पचा लॉक दोन्ही एकदम उतरतात, म्हणून तुमच्यासाठी मी आधी शिमचाच मार्ग सुचवेन. प्रेशर रिंगा मात्र बाहेर साध्या पोलादातून कापून घेण्याचा मोह टाळा. त्यांचे रॅम्प कठीण केलेले असतात, आणि मऊ रिंगेवर पिनचा खड्डा पडला की लॉक झटक्याझटक्याने लागू लागतो.

पुन्हा जोडताना रिंगांची दिशा तपासणे अत्यावश्यक आहे. त्या उलट बसल्या तर ४५ अंशांची बाजू ॲक्सिलरेटर सोडल्यावर काम करते आणि ६० अंशांची दिल्यावर. वापरलेले युनिट दुसऱ्या गाडीतून आले असेल तर ही शक्यता आधी नाकारून घ्या, कारण तुमची लक्षणे तिच्याशीही जुळतात. काही युनिटमध्ये रिंगा फिरवून किंवा पिन दुसऱ्या खाचांत बसवून वन-वे (फक्त ॲक्सिलरेटर दिल्यावर लॉक होणारा) आणि वन-पॉइंट-फाइव्ह-वे यांतून निवड करता येते. तशी सोय असेल तर मुरमासाठी वन-वेची बाजू मी आधी वापरून पाहीन. डिफरन्शियलच्या साइड बेअरिंगचे शिमिंग गिअरबॉक्सच्या मॅन्युअलप्रमाणे नव्याने करा, जुनी शिम तशीच टाकू नका. आडव्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हीलचे दाते हेलिकल असल्याने मागच्या एक्सलसारखी बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) आणि दात्यांचा ठसा जुळवण्याची खटपट नसते, पण बेअरिंग ढिले राहिले तर दाते आणि केसिंग दोन्हींना धोका असतो. क्राउन व्हीलचे बोल्ट नवे घ्या, थ्रेड-लॉक लावा आणि मॅन्युअलच्या टॉर्कने आवळा. प्लेटा बसवण्यापूर्वी आदल्या रात्रीपासून त्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

ऑइलच्या बाबतीत तुमच्या गाडीला एक तडजोड करावीच लागते. मागच्या एक्सलला स्वतःचे ऑइल असते, त्यामुळे तिथे लिमिटेड-स्लिपसाठीचे जीएल-५ दर्जाचे ऑइल निर्धास्त वापरता येते. तुमच्या गिअरबॉक्समध्ये तेच ऑइल सिंक्रोनायझर रिंगांनाही (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगांना) लागते, आणि त्यांना जीएल-४ दर्जाचे ऑइल मानवते. घर्षण कमी करणारे ॲडिटिव्ह घातले तर यू-टर्नमधला आवाज जाईल, पण प्लेटांचा लॉकही उतरेल आणि गिअर पडताना कुरकुर वाढेल. मी चांगल्या प्रतीचे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक ऑइल वापरतो, लोहचुंबक असलेला ड्रेन प्लग लावतो, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर ऑइल बदलतो. जुळणी नवी असेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवा, डावीकडे जितकी तितकीच उजवीकडे, मध्ये ऑइल थंड होऊ द्या, आणि वीस-तीस मिनिटांनंतर ते ऑइल गरम असतानाच काढून टाका. ते काळे आणि चमकदार कणांचे निघाले तर घाबरू नका, प्लेटा एकमेकींना बसत आहेत. त्यानंतर प्रीलोड पुन्हा मोजा. तो थोडा उतरलेला असेल, आणि हाच तुमचा खरा सुरुवातीचा आकडा.

इथपर्यंतचा क्रम असा झाला: आधी टायर, चाके आणि बुश, मग क्लचची चाचणी, मग युनिटची तपासणी, मग फक्त प्रीलोड. रॅम्पचा विचार आता करायचा, आणि तोही मैदानात. क्लच दाबून गाडी वळते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर अजूनही सरळ जाते, असे दिसले तर मागचा रॅम्प ६० वरून ८० किंवा ८५ अंशांवर न्या. पुढचा ४५ मी सहसा तसाच ठेवतो. बाहेर पडताना आतले चाक पुन्हा सुटू लागले तर प्रीलोड थोडा वाढवण्याआधी पुढचा अँटी-रोल बार आणि टायरमधली हवा तपासतो. कोरड्या मुरमावर वरचा भुसभुशीत थर बाजूला गेला की खालची टणक जमीन लागते आणि पकड फेरीगणिक वाढते. पावसाळ्यात तोच मुरूम निसरडा होतो आणि कोरड्यात योग्य वाटलेला प्रीलोड जास्त वाटू लागतो. नाशिक-पुण्याकडच्या पट्ट्यांवर एकाच दिवसात ही दोन्ही रूपे दिसू शकतात, म्हणून शंका असेल तेव्हा कमी लॉककडे झुका. कमी लॉकची गाडी थोडी हळू बाहेर पडते, पण जास्त लॉकची गाडी वळणाच्या बाहेरच्या चरात जाते.

चालवण्याची पद्धतही बदलावी लागेल. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत ॲक्सिलरेटर हळूहळू देण्याची सवय लागते, कारण आतले चाक सुटेल ही भीती असते. प्लेटच्या गाडीत अर्धवट ॲक्सिलरेटर सर्वांत वाईट, कारण तेव्हा डिफरन्शियल धरतो-सोडतो आणि स्टीअरिंग डावी-उजवी खेचते. गाडीचे तोंड वळणाच्या आतल्या बाजूकडे आल्यावर ॲक्सिलरेटर ठामपणे द्या आणि स्टीअरिंग सरळ करत जा. डिफरन्शियल गाडीला आतल्या बाजूला ओढून घेईल. प्रवेशात डाव्या पायाने हलका ब्रेक धरला तर भार पुढे येतो आणि मागची बाजू मोकळी होते. स्टीअरिंग घट्ट पकडा, पण अंगठे चाकाच्या आत अडकवू नका.

गिअर पद्धतीचा डिफरन्शियल घ्यावा का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: तुमच्याकडे आज काहीच नसते आणि हीच गाडी तुम्ही रोज रस्त्यावरही वापरणार असता, तर मी तोच सुचवला असता. त्यात घासणाऱ्या प्लेटा नाहीत, स्टीअरिंग सौम्य राहते, साधे गिअर ऑइल चालते आणि वारंवार उघडावा लागत नाही. चाक हवेत गेले की तो हतबल होतो, पण लांब ट्रॅव्हलचे सस्पेन्शन आणि डाव्या पायाचा हलका ब्रेक यांनी ती उणीव बरीचशी भरून निघते. तुमच्याकडे मात्र प्लेटचे युनिट आधीच आहे. हाउसिंगच्या खाचा शाबूत असतील तर शिम, काही प्लेटा आणि ऑइल एवढ्या खर्चात तो मार्गी लागेल, आणि तो जुळवताना गाडीबद्दल जे कळेल ते नवे युनिट विकत घेऊन कळणार नाही. खाचा गेलेल्या निघाल्या तर मात्र हा सोडा आणि गिअर पद्धतीचा घ्या. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी तुम्ही ज्या गटात उतरता त्या गटात डिफरन्शियल बदलण्याची परवानगी आहे का, हे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या चालू वर्षाच्या नियमावलीत आणि त्या स्पर्धेच्या पूरक नियमांत वाचून घ्या. स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधी होणाऱ्या गाडीच्या तपासणीच्या वेळी हे कळले तर सगळी मेहनत वाया जाते.

मी सुचवलेल्या चाचण्या पाम बीच रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर रात्री उशिरा करण्याचा विचार मनात आणू नका. ते बेकायदेशीर आणि इतरांच्या जिवाशी खेळणारे तर आहेच, शिवाय डांबरावर मिळालेले निष्कर्ष मुरमावर चुकीचे ठरतात. शिळफाट्यापलीकडे किंवा पनवेलकडे एखादा खासगी प्लॉट मालकाच्या लेखी परवानगीने मिळवा, सोबत एक माणूस आणि अग्निशामक ठेवा.

राहिला यू-टर्नमधल्या आवाजाचा प्रश्न. प्रीलोड ५० न्यूटन-मीटरच्या आसपास आल्यावर तो बराच कमी होईल, पण थंड ऑइलवर, स्टीअरिंग पूर्ण वळवून सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना थोडा राहील, आणि तेवढा प्लेटच्या डिफरन्शियलमध्ये असणारच. तो एकाएकी पूर्ण नाहीसा झाला तर समाधान मानू नका. त्याच दिवशी चाक उचलून प्रीलोड मोजा, कारण प्लेटा झिजून तो उतरलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.